हाकुसान : पश्चिमेच्या शेवटच्या बर्फावरची फुलं

जपानमध्ये फुजी, तातेयामा आणि हाकुसान हे तीन पर्वत सर्वांत पवित्र मानतात. फुजीला जग ओळखतं. हाकुसानचं नाव जपानबाहेर फारसं कोणी घेत नाही, आणि वनस्पतींची आवड असलेल्या माणसाला तर मी आधी हाकुसानलाच पाठवीन. कानाझावाच्या दक्षिणेला उभा असलेला हा 2,702 मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या रांगेच्या पश्चिमेला अख्ख्या जपानात दोन हजार मीटर ओलांडणारा दुसरा डोंगर नाही. हिमयुगात थंडीबरोबर उत्तरेकडून खाली सरकत आलेल्या झाडाझुडपांना हवा तापायला लागल्यावर डोंगरमाथ्यांचाच आसरा उरला. त्यातल्या कितीतरी जातींची पश्चिमेची हद्द हाकुसानवर संपते. पुढे त्यांना जायला जागाच नाही.

माझी आत्या साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती टोक्योला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा येतानाच सांगून आली होती, "चेरीचा बहर सगळेच बघतात गं. मला डोंगरावरची फुलं दाखव." जुलैच्या मध्यावर समुद्र-दिनाची जोडून सुट्टी मिळते. तेव्हा हाकुसानवर बर्फही शिल्लक असतं आणि फुलंही सुरू झालेली असतात. शिनकानसेननं कानाझावा, तिथून भाड्याची गाडी, आणि निघालो.

शनिवार : शिरामिने

वाटेत त्सुरुगीच्या शिरायामाहिमे देवळात थांबलो. देशभर पसरलेल्या हाकुसान देवळांचं हे मूळ पीठ. ताइचो नावाचा भिक्षू 717 साली पहिल्यांदा हाकुसानच्या माथ्यावर गेला, असं परंपरा सांगते. तेव्हापासून यात्रेकरू चढत आले, पण बायकांना अशा पवित्र डोंगरांवर बंदी होती. ती 1872 च्या सरकारी आदेशानं उठली. हे ऐकल्यावर आत्यानं देवळात जरा जास्तच वेळ हात जोडले.

तेदोरी नदीच्या कडेकडेनं रस्ता चढतो आणि शिरामिने गाव येतं. गावात पोचलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, अजून उठला नव्हता. हाकुसानचं सगळं गणित पाण्यावर चालतं. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प भरून घेतात आणि किनाऱ्याजवळच्या या पहिल्याच मोठ्या डोंगरावर बर्फ होऊन रिकामे होतात. शिरामिनेतली जुनी घरं म्हणूनच उंच, जाड मातीच्या भिंतींची आणि लहान खिडक्यांची.

मुक्कामाच्या घरातल्या आजींनी चहाबरोबर तोचिमोची दिली. तोची म्हणजे इथल्या जंगलातलं हॉर्स चेस्टनटचं झाड. त्याचं फळ तसंच खाल्लं तर कडूजहर. आजींनी सांगितलेली कृती मी लिहूनच घेतली : फळं वाळवायची, मग भिजवून सोलायची, कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवायची, मग लाकडाच्या राखेच्या पाण्यात मुरवायची, पुन्हा धुवायची, आणि तेव्हा कुठे चिकट तांदळाबरोबर वाफवून कुटायची. जिथे बर्फामुळे भातशेती जेमतेम, तिथे या फळानं माणसं जगवली. चव खमंग आणि अगदी शेवटी किंचित कडसर. आत्यानं तीन खाल्ल्या.

शाकाहारी माणसांसाठी शिरामिने हे मोठं सुख आहे, कारण इथलं काताडोफू, म्हणजे घट्ट टोफू. दोरीनं बांधून नेलं तरी मोडत नाही अशी त्याची ख्याती आहे. आम्ही ते जाड काप करून, आलं आणि सोया सॉस घालून खाल्लं. फक्त सूप आणि रस्से मागताना विचारून घ्या. त्यांत बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. संध्याकाळी गावच्या सार्वजनिक गरम झऱ्यात जाऊन आलो. सोड्याचं पाणी आहे, अंगाला साबण लावल्यासारखं मऊ लागतं.

आजींनी झोपताना सांगितलं, "उद्या सकाळी पाऊस थांबला नाही तरी निघा. सांकायोची फुलं बघायची तर ओलीच बघा."

रविवार : बेत्तोदेआई ते मुरोदो

गर्दीच्या दिवसांत इचिनोसेच्या पुढे खासगी गाड्या सोडत नाहीत. गाडी तिथे लावून बसनं बेत्तोदेआईला जायचं. ही जागा साधारण 1,260 मीटरवर आहे. पहाटेची बस धरा, कारण नंतर रांग वाढते.

चढाईच्या तोंडाशी जमिनीवर एक जाड चटई अंथरलेली असते. चढणाऱ्यांनी तिच्यावर बूट घासून पुढे जायचं. का, ते शेजारच्या फलकावर चित्रासकट लिहिलंय : बुटाच्या तळाला चिकटून खालच्या गवतांचं बी वर जाऊ नये म्हणून. आत्यानं फलकावरची वनस्पती बघितली आणि थांबली. "ही तर प्लांटॅगो. आपल्या इसबगोलाची भावकी."

तिथेच उभं राहून तिनं मला समजावलं. इसबगोल पाण्यात टाकला की बुळबुळीत होतो, तो बियांच्या सालीमुळे. याच कुळातल्या, फलकावरच्या या ओबाकोच्या बियाही ओल्या झाल्या की चिकट होतात. पाऊस पडावा, चिखलात पाय पडावा आणि बी बुटाला डसावं. माणूस चढेल तिथवर ते चढतं. म्हणूनच ओबाको पायवाटांच्या कडेनं उगवतो, जंगलात शिरत नाही. मी चटईवर पुन्हा एकदा बूट घासले.

झुलता पूल ओलांडून साबो-शिन्दो ही वाट धरली. साबो म्हणजे दरडी आणि गाळ रोखायची कामं. ती करणाऱ्यांची ही वाट. दरीत एकाखाली एक बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतींवरून पाणी पांढरं होऊन कोसळताना दिसतं. जिन्नोसुके दरीतला डोंगराचा एक प्रचंड भाग हळूहळू सरकतो आहे, आणि तो धरून ठेवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या काम चाललंय.

सुरुवातीचं रान बुनाचं, म्हणजे जपानी बीचचं. राखाडी, गुळगुळीत खोडं, त्यावर शेवाळाचे ठिपके, आणि पावसाचं पाणी फांद्यांवरून गोळा होऊन खोडावरून ओघळताना स्पष्ट दिसतं. उतारावरची झाडं बुंध्याशी दरीकडे झुकलेली आणि मग वळून सरळ वर गेलेली. लहान असताना दरवर्षी सरकत्या बर्फानं त्यांना आडवं केलं, आणि दर उन्हाळ्यात ती उठली. मोठी झाल्यावर बर्फाला पुरून उरली, पण तो बाक कायमचा राहिला.

वर चढावं तसा बुना विरळ होतो आणि दाकेकांबा लागतो. हा डोंगरी भूर्ज. साल तांबूस, कागदासारखी सुटणारी. आत्यानं सुटलेल्या सालीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. हे राष्ट्रीय उद्यान आहे, 1962 पासून. इथलं पानही उचलायचं नाही.

जिन्नोसुकेच्या निवाऱ्याच्या थोडं अलीकडे, बर्फ नुकतंच वितळलेल्या एका ओल्या घळीत आम्हाला सांकायो भेटली. दोन मोठी, कमळासारखी पसरलेली पानं आणि त्यांच्या वर पांढऱ्या फुलांचा लहानसा झुबका. कोरडी असताना पाकळी पांढरी. पण रात्रभर भिजली की तिच्या पेशींमधल्या हवेच्या जागी पाणी शिरतं आणि पाकळी पारदर्शक होते. आम्ही गुडघे टेकून बघितलं. पाकळीतल्या शिरा पांढऱ्या धाग्यांसारख्या वेगळ्या दिसत होत्या, मध्ये पिवळे पुंकेसर, आणि एका पाकळीच्या पलीकडून मागचं हिरवं पान जसंच्या तसं दिसत होतं. शेजारच्याच रोपावरची फुलं मोठ्या पानाच्या आडोशाला होती. ती अजून पांढरीच. भिजलेलं आणि न भिजलेलं असं एका हाताच्या अंतरावर बघायला मिळालं. आत्या मोबाइलवर फोटो काढायचं विसरून नुसती बघत बसली, म्हणून फोटो मी काढले. आजींचं खरं होतं.

जिन्नोसुकेला पाणी आणि संडास दोन्ही आहेत. इथे बाटल्या भरून घ्या. पुढे एनमेइसुई नावाचा आयुष्य वाढवणारा झरा लागतो, पण धार बारीक असते, तिच्या भरवशावर राहू नका. पिशवीला अस्वलाची घंटा लावा. डोंगरावर काळी अस्वलं आहेत.

मग जुनिमागारी, बारा वळणांची खडी चढण. इथे आत्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि फक्त श्वासाकडे लक्ष दिलं. वर कुरोबोको-इवा हा काळा खडक. तो ओलांडला की डोंगर एकदम सपाट होतो, आणि मिदागाहारा हे पठार समोर येतं.

धुकं होतं. लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना साचलेलं बर्फ, आणि बर्फाच्या कडेनं कोबाइकेइसोचे पांढरे तुरे. हे झाड दरवर्षी फुलत नाही. काही वर्षं नुसती पानं काढत राहतं आणि मग एका उन्हाळ्यात सगळं पठार एकदम फुलतं. आम्ही गेलो ते बहराचं वर्ष निघालं.

"कारवीसारखं?" मी विचारलं.

"एकदम फुलायचं तेवढं कारवीसारखं," आत्या म्हणाली. "पण कारवी फुलली, बी धरलं की मरते. हे मरत नाही. हे साठवत बसतं, खर्च करतं, पुन्हा साठवतं. आणि हात नको लावूस, विषारी आहे."

सह्याद्रीत सडे आणि पठारं पावसाच्या तीन महिन्यांत आपला जन्म उरकून घेतात. इथे तोच हिशेब बर्फ वितळण्यापासून पुढचं बर्फ पडेपर्यंतचा. एकाच उतारावर खालच्या बाजूला फुलं सरत आलेली असतात, मध्ये बहर असतो आणि वर, बर्फाच्या ओठाशी, कोंब नुकताच वर येतो. चार पावलं चालली की पंधरवडा मागे जाता येतं. हाकुसान-कोझाकुरा ही गुलाबी प्रिम्युला आम्हाला अशाच एका ओठाशी मिळाली. बोटभर उंची, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी टोकाशी चिरलेली. बर्फाचं पाणी तिच्या मुळांशी अजून वाहत होतं. खूप बर्फ पडतं म्हणजे झाडांना त्रासच, असं वाटतं. पण या बुटक्या झाडांवर हिवाळाभर कित्येक मीटर बर्फ असतं म्हणून वरच्या जीवघेण्या वाऱ्यापासून आणि गोठवणाऱ्या थंडीपासून ती वाचतात. उघड्यावर त्यांचा निभाव लागणार नाही.

गोयोझाकाची शेवटची दगडी चढण संपली आणि मुरोदो आलं. 2,450 मीटर. शेकडो माणसं झोपतील एवढी मोठी निवासव्यवस्था, शेजारी देवळाची शाखा, आणि मागे माथा. आगाऊ नोंदणी केल्याशिवाय येऊ नका. आंघोळीची सोय नाही, कचरा आपला आपण खाली न्यायचा, झोप लवकर. कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. जेवणात भात आणि सूप मिळतं, पण कडक शाकाहारींनी स्वतःचं काही आणावं. आम्ही दशम्या, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. शेजारी बसलेल्या फुकुईच्या जोडप्यानं दशमी चाखली आणि आम्हाला उमेबोशीचे ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, दिले.

आणि मुरोदोच्या मागे, आत्या ज्यासाठी आली ती कुरोयुरी. इथला ताटवा जपानातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानतात, आणि इशिकावा प्रांतानं हिला आपलं फूल मानलंय. नाव काळ्या लिलीचं असलं तरी रंग काळा नाही. उजेड मागून आला की वांगी रंगावर तपकिरी झाक, आणि आतून पिवळसर बारीक ठिपके. फूल मान खाली घालून असतं, त्यामुळे खाली वाकावं लागतं. वाकलं की वास येतो, कुजकट. आत्या खूश झाली. "मधमाशी नाही, हिला माशी हवी. या उंचीवर माश्याच जास्त."

ताटव्याच्या कडेला तीन-चार माणसं उकिडवी बसून बारीक खुरप्यांनी काहीतरी उपटत होती. दंडावर पट्ट्या होत्या. सकाळच्या चटईवरचा तोच ओबाको. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ माझ्याशी बोलले. वर हाकुसान-ओबाको नावाची इथली जुनी डोंगरी जात आहे. खालचा ओबाको वर आला की दोघांचा संकर होतो, आणि मग मूळ जात विरघळून जाते. ते दर उन्हाळ्यात येतात, वाकतात, उपटतात, पिशवीत भरतात आणि पिशवी खाली नेतात. आत्यानं मला विचारायला सांगितलं की हे कधी संपेल का. ते म्हणाले, "माणसं चढायची थांबली तर. पण माणसं चढायला हवीत."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. दोन्ही जातींतला फरक त्यांनी तिला हातावर पानं ठेवून दाखवला : केस किती, शिरा कशा. भाषा एक नसलेली ती दोघं अर्धा तास बोलत होती, आणि माझी गरज फार थोडी पडली.

संध्याकाळी धुकं पायाखाली गेलं. ढगांच्या वर फक्त शेजारच्या बेस्सान शिखराची रेघ आणि आम्ही.

सोमवार : माथा, तळी आणि कान्को-शिन्दो

सूर्योदय दिसायची शक्यता असली की पहाटे देवळात ढोल वाजतो. त्या दिवशी वाजला. कपाळावर दिवे बांधून सगळे निघाले. गोझेनगामिने, म्हणजे माथा, चाळीस मिनिटांवर आहे. जुलै असला तरी लोकरीची टोपी आणि हातमोजे घ्या. वर आमची बोटं गारठली होती.

पूर्वेला यारी, होताका, नोरिकुरा अशी जपानच्या उत्तर आल्प्सची रांग, तिच्या दक्षिणेला ओन्ताके, सगळे काळे उभे आणि त्यांच्यामागून सूर्य. पुजाऱ्यानं दगडावर चढून कोणता डोंगर कोणता ते सांगितलं आणि मग सगळ्यांकडून तीनदा "बानझाई" म्हणवून घेतलं. आत्यानं तिन्ही वेळा दोन्ही हात वर केले. 1872 आठवलं की काय, मी विचारलं नाही.

गर्दी खाली उतरली, पण आम्ही तळ्यांच्या वाटेनं गेलो. ही वाट सोडू नका. हाकुसानचा शेवटचा उद्रेक 1659 चा. त्याची जुनी विवरं आता तळी झाली आहेत. सेन्जागाइके तळ्यावर उन्हाळाभर बर्फ राहतं. ताइचोनं इथे हजार साप कोंडले आणि वर बर्फाचं झाकण घातलं अशी कथा आहे. मिदोरिगाइके सर्वांत मोठं, दगडांच्या मधोमध निळंगार.

या भागात झाड म्हणावं असं एकच, हाइमात्सु. जमिनीवर सरपटणारा पाइन, माझ्या कमरेइतका. त्याच्या शेंड्यावर होशिगारासु, म्हणजे ठिपकेदार डोंगरकावळा, शंकू फोडत बसला होता. हा पक्षी बिया थोड्या खातो आणि बाकीच्या जमिनीत पुरून ठेवतो. ज्या विसरतो त्यांतून नवा हाइमात्सु उगवतो. या बियांना पंख नाहीत, त्या पक्ष्याच्या विसरण्यावरच हिंडतात. मुरोदोतल्या एका मुलीनं रायचोची गोष्ट सांगितली. ही डोंगरी तित्तिराची जात हाकुसानवरून गेली असंच सगळे धरून चालले होते. 2009 मध्ये एक मादी दिसली. ती पुढे काही वर्षं या माथ्यावर एकटीच राहिली. मुलगी हे सांगताना हाइमात्सुकडे बघत होती.

मोकळ्या खडीवर इवात्सुमेकुसाच्या पांढऱ्या चांदण्या आणि चिन्गुरुमाचे गालिचे. चिन्गुरुमा गवतासारखी दिसते, पण ते झुडूप आहे, खोड लाकडाचं. म्हणून वाट सोडून तिच्यावर पडलेलं एक पाऊलसुद्धा वर्षानुवर्षं भरून येत नाही. दोऱ्यांच्या आतच चाला.

उतरायला आम्ही कान्को-शिन्दो घेतली. कुरोबोकोपासून ती धारेवरून जाते. पायऱ्या उंच, गुडघ्यांना जड, सावली नाही, आणि वाटेत पाण्याची सोय धरू नका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आल्या वाटेनंच उतरावं. काठ्या घेऊन आत्यानं ही वाट सावकाश पार केली, आणि आमच्या सबंध प्रवासातला फुलांचा सर्वांत दाट पट्टा तिथेच होता. उमानोतातेगामी नावाच्या उतारावर निक्को-किसुगेची केशरी-पिवळी फुलं, एका दिवसापुरती उमलणारी, आणि त्यांच्यात हाकुसान-फूरोचे जांभळट गुलाबी ठिपके, इबुकी-तोरानोओच्या फिक्या शेपट्या. हाकुसानचं नाव लावणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत, कारण यात्रेकरूंमुळे हा डोंगर अभ्यासकांनाही लवकर ओळखीचा झाला. आत्या एकेकीचं कूळ सांगत होती आणि मी वहीत लिहीत होते. वारा खालून येत होता आणि सबंध उतार एकदम हलत होता.

परतताना : कुवाजिमा

कानाझावाकडे जाताना कुवाजिमाला गाडी थांबवा. नदीच्या काठाला एक उघडी पडलेली दगडी भिंत आहे. 1874 मध्ये योहानेस राइन हा जर्मन भूगोलज्ञ हाकुसान चढून उतरला आणि या परिसरातून त्यानं पानांचे ठसे असलेले दगड गोळा केले. ते जर्मनीला गेले आणि 1877 मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध छापून आला. जपानच्या भूगर्भाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला त्याच्या अगदी पहिल्या पानांत हे दगड आहेत. भिंतीचे थर सुमारे 13 कोटी वर्षांचे, आणि त्यांत नेचे, सायकस आणि गिंको. 2023 मध्ये हा सगळा टापू, हाकुसानपासून तेदोरी नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, युनेस्कोचा जागतिक भूउद्यान झाला.

भिंत लांबूनच बघायची, ठसे बघायला शिरामिनेतलं डायनोसॉर पार्क आहे. तिथे काचेमागे गिंकोचं पान आहे. आत्या नाक काचेला लावून उभी होती. टोक्योत माझ्या घरासमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिंकोचीच झाडं आहेत. तिनं विचारलं, "ती पिवळी कधी पडतात?" नोव्हेंबरच्या शेवटी, मी म्हटलं. तिनं तिथेच फोन काढला आणि साताऱ्याला कळवलं की परतीचं तिकीट पुढे ढकलतेय.